मान्सून थोरला की मोसम? आणि मोसंबीचे आता काय करू?

सत्तरीकर मास्तर:

मंडळी, प्रश्न शब्दांचा आहे, पण त्यात माझी अब्रू अडकली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या वाळपईच्या बाजूला एका शाळेत मराठी शिकवतो. वर्ग आठवीचा. मागच्या सोमवारी पावसाने पत्र्यावर असा ताशा धरला होता की मी जवळजवळ ओरडूनच शिकवत होतो. खिडकीला लागून एक मुलगी बसते. हजेरीला 'प्रेझेंट' म्हणते, त्यापलीकडे दिवसभर तिचा आवाज ऐकू येत नाही. ती उठली आणि म्हणाली, "सर, इंग्रजीच्या पुस्तकात मान्सून आहे. भूगोलात मोसमी वारे आहेत. आणि घरी आजी म्हणते, आंब्यांचो मोसम सोंपलो. ह्यांतला थोरला भाऊ कोण?"

"बघून सांगतो" एवढेच म्हणायला हवे होते. पण मी खडू उचलला. म्हटले, मोसम आपला, अस्सल मराठी. इंग्रज आले, त्यांना तो नीट म्हणता येईना, म्हणून त्यांनी त्याचा मान्सून केला, जसा ठाण्याचा थाना केला. इथेच थांबलो असतो तरी निभावले असते. पण एवढ्या पावसातही वर्ग कान देऊन ऐकत होता, आणि ऐकणारा वर्ग मिळाला की माझी जीभ सैल सुटते. वर जोडून दिले, "मोसंबीसुद्धा त्यातलीच. मोसमात येते ती मोसंबी!" बत्तीस मुलांनी वहीत उतरवून घेतले.

मधल्या सुट्टीत मी हा पराक्रम शिक्षकांच्या खोलीत सांगितला. भूगोलाच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "सर, असे कुठले फळ आहे जे मोसमात येत नाही?"

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मान्सून नक्की कुठला? मोसम आपला की तोही पाहुणा? आणि मोसंबी ह्या घरातली आहे की मी तिला उगाच दत्तक घेतली? जाणकारांनी सांगावे. शुक्रवारी त्याच वर्गावर पहिला तास आहे.

पेडणेकरीण:

मास्तर, मान्सून म्हणजे मानाची सून! यायच्या आधी सगळे वेशीकडे डोळे लावून बसतात, आली की चार दिवस कौतुक, मग "सारखी पिरपिर चालू आहे हिची" म्हणून कुरकूर. पाहिजे तर हेही वहीत लिहून द्या, तुमच्या मोसंबीशेजारी शोभेल.

थट्टा राहू द्या. मोबाइलवर पाहिले तर मूळ अरबी दाखवतोय. पण आमच्या घरी हे दोन्ही शब्द नव्हतेच. आई 'आगोट' म्हणायची. मे महिन्यात तिची आगोटीची बेगमी सुरू व्हायची: सुकी सुंगटे पत्र्याच्या डब्यात, त्यावर वर्तमानपत्र, वर झाकण, कांद्यांच्या माळा आढ्याला, सोलां बरणीत, आणि सरपण पडवीत अशा उंचीला की मांजराला त्यावर चढून कौलाला नाक लावता यावे. लग्न होऊन साष्टीत आले तर इथे शेजारणी ह्याच सगळ्याला 'पुरुमेंत' म्हणतात. मे महिन्यात मडगावला पुरुमेंताचे फेस्त भरते तिथून भरून आणतात. तो शब्द कुठला, हेही कुणी जाता जाता सांगा.

जुना दप्तरी, पणजी:

मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. हा प्रश्न मी उभी नोकरी उशाला घेऊन झोपलो, आणि विचारायचे मला कधी सुचले नाही.

पणजीच्या पुराभिलेखात मी दप्तरी होतो. वाचणारे विद्वान टेबलाशी बसायचे, मी आतून बाड आणून त्यांच्यापुढे ठेवायचो, संध्याकाळी मोजून परत न्यायचो. त्यातली सर्वांत जड बाडे म्हणजे 'मोंसोंइश दु रेइनु'. रेइनु म्हणजे राज्य, इथे पोर्तुगाल. आणि मोंसोंइश हे मोंसांवचे अनेकवचन. मोंसांव म्हणजेच तुमचा मान्सून. नवा लागलो तेव्हा मला वाटले, ह्यात दरवर्षीच्या पावसाच्या नोंदी असतील. एकदा वेष्टण सोडताना सहज एका संशोधक बाईंना विचारले, "कुठल्या साली जास्त पडलाय?" त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरच्याने चष्मा काढून पाहिले.

त्या बाडांत पाऊस नाही, पत्रे आहेत. लिस्बनहून राजाची आणि गोव्याहून व्हाइसरॉयची. ती वर्षांच्या आरमारांप्रमाणे बांधलेली, म्हणून नाव मोंसांव. असे बघा: जहाजे लिस्बनहून मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला सुटायची, आफ्रिकेला वळसा घालायची, आणि नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागायची. परतीला डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचा वारा धरायचा. म्हणजे इथून जानेवारीत धाडलेल्या पत्राचे उत्तर पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या आत हातात पडणे नाही. वीस महिने! आणि जहाज बुडाले तर? म्हणून एकच मजकूर दोन-तीन प्रतींत लिहून वेगवेगळ्या जहाजांवर चढवत. वरच्या कोपऱ्यात 'पहिली व्हिया', 'दुसरी व्हिया' असे लिहिलेले असते. व्हिया म्हणजे वाट. कधी कधी दोन्ही प्रती सुखरूप पोचल्या आणि दोन्ही बाडात बांधल्या गेल्या. वाळवीने मात्र भेदभाव केलेला नाही, दोन्ही वाटा सारख्याच खाल्ल्यात.

आता खरी गंमत. पोर्तुगीज लोक इथल्या जून ते सप्टेंबरला 'इंव्हेर्नु' म्हणत, म्हणजे चक्क हिवाळा. त्यांच्या डोक्यात पाऊस, वादळ, बंद बंदर म्हणजे हिवाळाच. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा चढायचा, जहाज आत येणे नाही की बाहेर जाणे नाही. मोंसांव होती ती बंदर उघडल्यावर, माल चढवून शीड सोडण्याजोगा वारा मिळाला की. मास्तर, ज्या महिन्यांना आपण आज मान्सून म्हणतो, नेमक्या त्याच महिन्यांत गोव्याच्या धक्क्यावर मान्सून नसायचा.

कारण मूळ शब्दात पाऊस नाहीच. अरबी 'मौसिम' म्हणजे ठरलेली वेळ. हजची, जत्रेची, गलबत हाकारायची. त्याची धातू व-स-म. 'वसम' म्हणजे उंटाच्या कातड्यावर मालकाची खूण डागणे. तापलेल्या सळईने उंटावर जशी खूण उठते तशी वर्षावर उठलेली खूण, ती मौसिम. हिंदी महासागरात अरब तांडेल हा शब्द रोज बोलत होते. तो पोर्तुगिजांनी उचलला. आधी मोउसांव, मग नाकात गेला आणि मोंसांव झाला. त्यांच्या तोंडून डच आणि इंग्रजांकडे. इंग्रजीत तो येतो १५८० च्या दशकात. त्याच दशकात, १५८३ ते १५८८, लिन्स्खोटेन नावाचा डच पोरगा गोव्याच्या आर्चबिशपकडे कारकुनी करत होता. इथल्या वाऱ्यांच्या, वाटांच्या, मालाच्या सगळ्या गोष्टी त्याने टिपल्या, परत जाऊन १५९६ साली छापल्या, आणि १५९८ साली त्याचे इंग्रजी भाषांतर लंडनला निघाले. ते वाचून डच आणि इंग्रज दोघेही आपापली जहाजे घेऊन इकडे निघाले. गोव्याच्या कारकुनाने गोव्याचे पोट फोडले म्हणा.

तुम्ही मराठीचे मास्तर, म्हणून एक नमुना तुमच्याच दारातला देतो. क्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स. इंग्लंडचा माणूस. ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघाला, २४ ऑक्टोबरला गोव्याला लागला. ही अगदी पाठ्यपुस्तकी मोंसांव. वारा हुकला असता तर आपल्या मराठीचे 'रत्नांमाजी हिरा निळा' हे कौतुक लिहायला माणूस पोचला असता की नाही कोण जाणे, कारण हुकलेल्यांना बहुतेक मोझांबिकच्या बेटावर महिनोन् महिने तळ टाकावा लागायचा, आणि तिथे तापाने माणसे पटापट मरायची.

आणि इथेच तुमची मोसंबी. ती ह्या मोझांबिकवरून आली, मोसमावरून नाही. मोझांबिक हे नाव तिथल्या मुसा नावाच्या अरब शेखावरून पडले असे सांगतात. त्याचाही मौसिमशी संबंध नाही. बाईंना चहा पाजा.

पेडणेकरीणबाई, पुरुमेंत हा पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'. बेगमी, तरतूद. तुमच्या आईची आगोट आणि सासरचे पुरुमेंत ही एकाच डब्याची दोन झाकणे.

तारवटी, वास्को:

दप्तरीबाबांनी कागदावरचे सांगितले. मी पाण्यावरचे सांगतो. सत्तावीस वर्षे बोटीवर काढली, शेवटची नऊ बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून.

पहिल्याच करारात आमची बोट सिंगापूरहून हाँगकाँगकडे निघाली. महिना जानेवारी. सकाळी चीफ मेट म्हणाला, "मान्सून जोरात आहे, पुढच्या डेकवर कोणी जायचे नाही." मी बाहेर डोकावलो. आकाश निळेशार, ढगाचा ठिपका नाही. मी नवखा, सरळ विचारले, "साहेब, पाऊस कुठाय?" तो म्हणाला, "पाऊस कोण म्हणाला?" आणि तेवढ्यात नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, खाली गेली, हिरवे पाणी डेकवरून धावत येऊन माझ्या समोरच्या काचेवर आपटले. तो ईशान्य मान्सून. तिथे कोरडा वारा नाकासमोर घेऊन चार दिवस बोट आपटत जाते. त्या दिवशी लॉगबुकात जे लिहिले त्याचा मराठीत अर्थ एवढाच: मान्सून, निरभ्र. आमच्या घरी हे वाक्य वाचून दाखवले तर म्हणतील पोरगा पिऊन लिहितोय.

म्हणून मास्तर, तुमच्या भूगोलाच्या पुस्तकातले 'मोसमी वारे' एकदम बरोबर आहे. ज्याने केले त्याने डोके लावून केले. वर्षातून दोनदा तोंड फिरवणारा वारा, तो मान्सून. पाऊस हे त्याने बरोबर आणलेले सामान. उन्हाळ्यात जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, समुद्रावरची दमट हवा आत खेचली जाते, घाटाला आपटून वर चढते, गार होते आणि तुमच्या सत्तरीत पत्रा वाजवते. थंडीत उलटे. हवामान खातेसुद्धा केरळात नुसता पाऊस बघून दवंडी पिटत नाही. १० मे नंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी निदान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो, आणि शिवाय पश्चिमेचा वारा पुरेशा उंचीपर्यंत भरला आहे का, ढगांची दाटी किती, हेही तपासतात. त्याआधी कितीही कोसळला तरी तो वळीव.

आणखी एक. आमच्या इंजिनरूममध्ये यंत्रांना तेल-ग्रीस घालणारा एक ग्रीझर होता, पूर्व आफ्रिकेतल्या केनियाच्या लामू बेटाचा. त्याच्या स्वाहिलीत 'म्सिमु' म्हणजे हंगाम. दक्षिणेकडच्या वाऱ्याला 'कुसी', उत्तरेकडच्याला 'कास्काझी'. सिंगापूरला बाजारात गेलो की मलय बाया दुरियानचा ढीग लावून बसलेल्या असत, वर पाटी 'मुसिम दुरियान'. मला पाटीचा अर्थ कुणी सांगावा लागला नाही. तुमच्या पोरीची आजी आंब्यांचो मोसम म्हणते, तेच. लामू, पणजी, सिंगापूर, तिन्हीकडे शब्द त्याच अरबी घरातला. फक्त मान्सून तेवढा लिस्बन-लंडनचा पास काढून आला, म्हणून ओळखू येत नाही.

सत्तरीकर मास्तर:

तुम्हा सर्वांचा ऋणी आहे. बाईंना चहा पाजला, वर बटाटवडाही.

एक शंका उरते. म्हणजे मोसमही मराठी नव्हे? आणि मराठीत आधी कोण आला?

जुना दप्तरी, पणजी:

आला फारसीबरोबर, जसे हवा, जमीन, बाजार आले. मोसम आधीचा, दरबार-बाजाराच्या वाटेने. मान्सून त्या मानाने कालचा पोर, इंग्रजी शिकलेल्यांच्या आणि वर्तमानपत्रांच्या तोंडून आलेला. एकाच बापाचे दोन मुलगे, एक पायवाटेने आला, दुसरा समुद्रावरून जग फिरून. मुलीला सांगा, थोरला मोसम. मराठी नव्हे म्हणून मात्र त्याला घराबाहेर काढू नका. इतकी वर्षे आंबे त्याच्याच नावावर खाल्लेत.

ह्या सगळ्याचा नीट धांडोळा घेतलेला माणूसही आपल्याच गावचा आहे. मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फु दालगाद, बार्देशातल्या आसगावचे, जन्म १८५५. पोर्तुगीज आणि आशियाई भाषांतल्या देवघेवीच्या शब्दांचा त्यांचा दोन खंडी कोश १९१९ ते १९२१ मध्ये निघाला. लिस्बनला असताना त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले, तरी काम सोडले नाही. इंग्रजीतल्या अशा शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा कोश आहेच, पण आसगावच्या भटजीने... चुकलो, पाद्रीने, जास्त खोलात बुडी मारली असे माझे मत.

सत्तरीकर मास्तर:

शुक्रवारचा वृत्तान्त.

आत गेल्या गेल्या म्हटले, वही उघडा, मोसंबीवर काट मारा. बत्तीस जणांनी इतक्या आनंदाने काट मारली की दोघांचे कागद फाटले. मग फळ्यावर नकाशा काढला. आफ्रिका जरा बटाट्यासारखी झाली. लिस्बनहून गोव्यापर्यंत रेघ ओढली, मध्ये मोझांबिकला एक गोल आणि गोलात फळ. उंटाचा डाग सांगितला तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, आमच्या म्हशीच्या कानाला कापाची खूण आहे, ती पण मोसम?" मी म्हटले, अरबस्तानात असती तर तिच्या खुणेला वसमच म्हणाले असते.

सगळे झाल्यावर ती खिडकीजवळची पुन्हा उठली. "सर, मान्सूनमध्ये पाऊस नव्हता, मागाहून शिरला. मग पाऊस ह्या शब्दात तरी पाऊस आधीपासून होता?"

ह्या खेपेला मी खडू खाली ठेवला आणि म्हटले, बघून सांगतो.

घरी येऊन कोश उघडले. संस्कृतात 'प्रावृष्'. प्राकृतात त्याचे 'पाउस' झाले, आणि मराठीत पाऊस. प्रावृष् म्हणजे काय, तर पडणारे पाणी नव्हे, पावसाचा ऋतू! म्हणजे आपल्या घरच्या शब्दानेही हेच केले आहे. आधी वर्षातल्या काळाचे नाव होता, मग त्या काळात पडणाऱ्या पाण्याचे झाला. आणि काळाला नाव उरले नाही म्हणून त्याच शब्दाला पुन्हा 'काळ' जोडून आपण पावसाळा केला. मी पंचवीस वर्षे मराठी शिकवतोय आणि हे मला आठवीतल्या पोरीने शोधायला लावले.

सोमवारी सांगणार आहे. पत्रा वाजत नसेल तर.

पेडणेकरीण:

मास्तर, वाजतच असेल. ओरडून सांगा.